स्मरणरंजन की गतकातरता? इंग्रजी खेड्याच्या तीन आठवणी



आज आम्ही बोलणार आहोत ते इंग्लंडातल्या खेड्यांविषयी. नेमकं सांगायचं तर, त्या खेड्यांच्या आठवणी ज्यांनी लिहून ठेवल्या त्यांच्याविषयी. इथे महाराष्ट्रात बसून ऑक्सफर्डशरमधल्या एका वाडीची उठाठेव कशाला, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं उत्तर शेवटाकडे देऊ. आधी शब्दांचा हिशेब करू या, कारण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला शब्द निवडून-पाखडून घेतल्याखेरीज पुढे जाववत नाही.

इंग्रजीत ज्याला ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात त्यासाठी मराठीत दोन शब्द रूढ झाले आहेत: ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. आपण ते सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पण जरा कान देऊन ऐका. पहिल्या शब्दात रंजन आहे, आठवणींत जीव रमवणं आहे. दुसऱ्यात कातरता आहे, म्हणजे गेलेल्यासाठी आतून काहीतरी तुटणं आहे. रंजनाला गेलेली गोष्ट परत यायला नकोच असते, ती आठवली की त्याचं काम झालं. कातरतेला मात्र ठाऊक असतं की जे गेलं ते खरोखर गेलं, आणि का गेलं हेही तिला विचारावंसं वाटतं. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावं लागतं, आपल्याकडे दोन आहेत. तेव्हा आज ते वेगळे ठेवून पाहू. सगळ्या विवेचनाचा भार या एका फरकावर आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द दिसतो तितका प्राचीन नाही. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुणाने बाझल इथे वैद्यकाचा प्रबंध लिहिला, त्यात त्याने दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. एकाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जो आजार होई, त्याचं हे नाव. म्हणजे हा आधी रोग होता, छंद नंतर झाला. पुढे शंभरेक वर्षांनी, १७९८मध्ये, कांटने आपल्या मानवशास्त्रावरच्या व्याख्यानांत या रोगाबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली. हे लोक घरी परतले की निराश होतात, आणि निराश होऊनच बरे होतात. त्यांना वाटतं, गाव बदललं. खरी गोष्ट अशी की, त्यांना गाव नको असतं, त्या गावात घालवलेलं आपलं तारुण्य हवं असतं, आणि ते कुठल्याच गाडीने परत येत नाही.

कांटचं हे म्हणणं आपल्याला पटतं. पण त्यात एक धोका आहे. ते पूर्णपणे मान्य केलं तर गावाविषयीची प्रत्येक आठवण ही म्हाताऱ्या माणसाची स्वतःच्या तारुण्याविषयीची हळहळ ठरते, आणि गावाचं खरोखर काय झालं हा प्रश्नच बाद होतो. तो प्रश्न बाद होऊ द्यायचा नाही, एवढाच आजचा आमचा आग्रह आहे.

आधी रंजनाची उदाहरणं घेऊ, ती सोपी आहेत.

६ मे १९२४ रोजी स्टॅन्ली बाल्डविन यांनी रॉयल सोसायटी ऑफ सेंट जॉर्जपुढे एक भाषण केलं. ते तोवर एकदा पंतप्रधान होऊन गेले होते आणि पुढे आणखी दोनदा झाले. आपल्या लेखी इंग्लंड म्हणजे काय, हे त्यांनी त्या भाषणात आवाजांतून आणि दृश्यांतून सांगितलं. लोहाराच्या ऐरणीवरचा घाव, विळ्याला धार लावणाऱ्या दगडाचा आवाज, टेकडीच्या माथ्यावरून येणारी नांगराची जोडी. भाषण गाजलं, आजही संग्रहांत छापलं जातं. आता दोन गोष्टी लक्षात घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेली ती १८५१च्या जनगणनेत. म्हणजे बाल्डविन बोलत होते तेव्हा त्या गोष्टीला सत्तर वर्षं उलटून गेली होती, आणि बहुसंख्य इंग्रज माणसांच्या कानावर रोज पडणारा आवाज होता तो गिरणीच्या भोंग्याचा. दुसरी गोष्ट, बाल्डविन स्वतः लोखंडाच्या कारखानदारांच्या घराण्यातले. ऐरण त्यांनी ऐकली असेल, पण घरचा पैसा भट्टीतून आला होता.

दुसरं उदाहरण जाहिरातीचं. १९७३ साली रिडली स्कॉट यांनी होव्हिस या ब्रेडची जाहिरात केली. फरशीच्या उभ्या चढावरून एक मुलगा पावाची सायकल ढकलत नेतो, पाठीमागे ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीचे सूर. ही जाहिरात ब्रिटनमधल्या सर्वांत लाडक्या जाहिरातींपैकी एक. पण तो रस्ता खेड्यातला नव्हेच. तो डॉर्सेटमधल्या शाफ्ट्सबरी या शहरवजा गावातला गोल्ड हिल. आणि ते सूर एका चेक संगीतकाराने अमेरिकेत बसून लिहिलेले. तरी पाहणाऱ्याला वाटतं, हे माझं बालपण! ज्याचं बालपण बर्मिंगहॅमच्या चाळवजा घरांत गेलं त्यालाही वाटतं. रंजनाला पुरावा लागत नाही तो असा.

इथे रेमंड विल्यम्स यांची आठवण अटळ आहे. वेल्सच्या सीमेवरच्या पँडी गावातल्या रेल्वे सिग्नलमनचा हा मुलगा पुढे केंब्रिजात प्राध्यापक झाला. ‘द कंट्री अँड द सिटी’ हे त्यांचं पुस्तक १९७३चं, म्हणजे त्या जाहिरातीच्याच वर्षीचं. त्यात त्यांनी एक सरकता जिना दाखवला आहे. विसाव्या शतकातला लेखक म्हणतो, जुनं खेडं आत्ता आमच्या डोळ्यांदेखत गेलं. बरं, म्हणून आपण मागे जातो. तर १९१२च्या ‘चेंज इन द व्हिलेज’मध्ये जॉर्ज स्टर्ट तेच म्हणतोय. आणखी मागे जावं तर हार्डी आहे, त्यामागे कॉबेट आहे. १७७०मध्ये गोल्डस्मिथ ओसाड पडलेल्या गावाचा शोक करतोय. १५१६मध्ये थॉमस मोर म्हणतोय की मेंढ्या माणसांना गिळू लागल्या. जिना मागे मागे सरकत राहतो आणि आपल्याला थेट ईडनच्या बागेत नेऊन सोडतो. सुखी खेडं नेहमी ‘नुकतंच’ संपलेलं असतं.

हा युक्तिवाद वाचून आमच्या पिढीतले अनेक जण खूश झाले. झालं, गतकातरतेचा निकाल लागला! पण जरा थांबा. प्रत्येक पिढी म्हणते की आमचं काहीतरी गेलं. यावरून कुणाचंच काही गेलं नाही, असा निष्कर्ष निघतो का? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, निघत नाही. एकाच घरात पाच वेळा चोरी झाली आणि पाचही वेळा घरमालकाने बोंब मारली, तर पोलिसाने ‘हा नेहमीच ओरडतो’ म्हणून तक्रार फाडून टाकायची का? मोरच्या काळात मेंढपाळीसाठी कुळं उठवली जात होती, गोल्डस्मिथच्या काळात वेगळं चाललं होतं, स्टर्टच्या काळात आणखी वेगळं. खुद्द विल्यम्सही हेच म्हणतात. त्यांच्या मते प्रत्येक पायरीवर थांबून विचारायला हवं, इथे नेमकं काय गेलं आणि कुणाचं गेलं? लोक त्यांचा जिना उचलतात आणि हा प्रश्न तिथेच विसरतात.

काय गेलं याचं एक उत्तर आकड्यांत देता येतं. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने सामाईक जमिनींना कुंपणं घालण्याचे पाच हजारांहून अधिक कायदे केले. त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त. आपल्याकडे गायरान म्हणतात तसली जमीन. ज्याच्या नावावर गुंठाभरही नव्हतं तो तिथे गाय चारत असे, सरपण गोळा करत असे, हंस पाळत असे. कुंपण पडलं आणि तो नुसता मजूर उरला. ही हानी खरी होती, तारुण्य गेल्याची हळहळ नव्हे.

आता आपल्या तीन पुस्तकांकडे येऊ. पुस्तकांना तीन प्रश्न विचारू. एक, या आठवणीत काम कोण करतं? दोन, गाव सोडून कोण जातं आणि का? तीन, ही आठवण आजच्या माणसाकडे काय मागते?

पहिलं पुस्तक फ्लोरा थॉम्प्सनचं ‘लार्क राइज’. ते १९३९मध्ये आलं, त्याचे पुढचे दोन भाग १९४१ आणि १९४३ साली, आणि तिन्ही मिळून ‘लार्क राइज टु कँडलफर्ड’ या नावाने १९४५मध्ये. जुनिपर हिल ही ऑक्सफर्डशरच्या ईशान्य टोकाची तीसेक घरांची वाडी. फ्लोराचा जन्म तिथला, १८७६चा, वडील पाथरवट. शाळा वाडीपुरती, नंतर पोस्टातली नोकरी. हे पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा तिने साठी ओलांडली होती. ती ‘मी’ म्हणत नाही, स्वतःला ‘लॉरा’ म्हणते आणि थोडं दूर उभं राहून पाहते. हे अंतर आम्हांला फार महत्त्वाचं वाटतं.

पहिला प्रश्न: काम कोण करतं? पुस्तक उघडताच कळतं. शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंग. घरामागे एक डुक्कर, आणि सगळ्या घराचा जीव त्या डुकरात. हिवाळ्यातलं मांस तेच. पण कधीकधी ते पोसण्यासाठी उधारी करावी लागे आणि कापायच्या आधीच त्यातलं अर्धं दुसऱ्याचं झालेलं असे. म्हातारी क्वीनी उशीवर बॉबिनांनी लेस विणते. ती कला यंत्राने मारली. शेजारची सॅली तर कुंपणं पडण्याआधीच्या दिवसांची आठवण सांगते, आजोबांनी माळावर घर कसं उठवलं ते. या वाडीतलं तिचं घर जरा बरं का, तर तिच्याकडे अजून स्वतःचा तुकडा आहे म्हणून. बघा, फ्लोरा कुठेही विद्वत्तेचा आव आणत नाही, पण सरकत्या जिन्याच्या एका पायरीवर नेमकं काय गेलं हे ती एका म्हातारीच्या परसातून दाखवते.

दुसरा प्रश्न: कोण जातं? फ्लोरा सांगते की बारा-तेरा वर्षांच्या वरची मुलगी वाडीत कायमची राहतच नसे. आई तिला दुसऱ्याच्या घरी मोलकरणीच्या चाकरीला धाडी, कारण झोपायला जागा नाही आणि पानात वाढायला पुरेसं नाही. वाडीतल्या सुखी बालपणाची मुदत बारा वर्षांची! हे वाक्य ती रडत लिहीत नाही. ती मुलींच्या टिनाच्या पेटीबद्दल, नव्या कपड्यांबद्दल, त्यांच्या धीटपणाबद्दल लिहिते. पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती आईची बेरीज-वजाबाकी.

आणि वृद्ध? १९०८च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागली, प्रत्यक्षात १ जानेवारी १९०९पासून. फ्लोरा लिहिते की पोस्टात पहिल्यांदा पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येई. एवढे पैसे देणारा माणूस नुसता ‘मिस्टर’ असणं त्यांना शक्यच वाटेना, म्हणून ते लॉइड जॉर्ज यांना ‘लॉर्ड’ करून टाकत आणि दुवा देत. खिडकीमागच्या मुलीने नुसते पैसे मोजून दिले म्हणून तिच्यासाठी ते बागेतली फुलं, सफरचंदं घेऊन येत. आमच्या मते गतकातर लेखनाची ही कसोटीच आहे. जुन्या दिवसांवर जीव असलेली ही बाई, जुन्या दिवसांतली सर्वांत मोठी भीती नव्या कायद्याने घालवली हे सांगताना जराही कचरत नाही.

पहिल्या भागाचं शेवटचं प्रकरण सुगीचं आहे. गाणी, मेजवानी, शेवटची गाडी. कुठलाही रंजनकार इथे थांबला असता. फ्लोरा थांबत नाही. शेवटी ती पुढच्या महायुद्धाकडे बोट दाखवते. त्या एवढ्याशा वाडीतले अकरा जण परत आले नाहीत. चर्चच्या भिंतीवर पितळी पाटी आहे, आणि पाटीवरचं शेवटचं नाव लॉराच्या धाकट्या भावाचं. तिचा खरा भाऊ एडविन १९१६मध्ये मारला गेला. मालिकेचा तिसरा भाग येण्याआधी, १९४१ साली, दुसऱ्या युद्धात तिचा धाकटा मुलगाही समुद्रात गेला. सुगीच्या गाडीवर गाणारी पोरं आणि पाटीवरची नावं ही एकच माणसं आहेत, एवढं सांगून ती गप्प होते.

२००८ ते २०११ या काळात बीबीसीने या पुस्तकावर मालिका केली. लोकप्रिय झाली, आम्हीही काही भाग पाहिले. अभिनय चांगला आहे, बॉनेट सुंदर आहेत. पण दहा शिलिंगांचा हिशेब त्या उजेडात दिसेनासा झाला. कातरतेतून रंजन कसं काढून घेता येतं, याचा तो नमुना आहे.

दुसरं पुस्तक लॉरी लीचं ‘सायडर विथ रोझी’, १९५९चं. ग्लॉस्टरशरमधलं स्लॅड हे गाव. पहिलं महायुद्ध संपत आलं असताना तीन वर्षांचा लॉरी सामानाच्या गाडीतून तिथे उतरतो, आणि पुस्तक सुरू होतं. बाप घर सोडून गेलेला. आई आपली आणि सवतीची पोरं सांभाळत त्याची वाट पाहत राहते. हे लेखन कवीचं आहे. उकळतं स्वयंपाकघर, गवताची उंची, हिवाळ्यातला श्वास, सगळं अंगाला लागतं. इंग्रजीत असं गद्य थोडं आहे, हे आधी कबूल करू.

आणि आता आमची स्वतःची एक कबुली. हे पुस्तक आम्ही पहिल्यांदा विशीत वाचलं आणि जे गाव कधी पाहिलं नव्हतं त्याच्या ओढीने अक्षरशः बेचैन झालो. इंग्लंडला न जाता इंग्लंडची गतकातरता! कांटला हा रोगी दाखवायला हवा होता. (श्रोत्यांत हशा.) पुढे सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा हातात घेतलं आणि एका ठिकाणी थबकलो. जोसेफ आणि हॅना ब्राउन नावाचं एक वृद्ध जोडपं आहे. पन्नासहून अधिक वर्षांचा संसार. दोघं थकतात, अधिकारी त्यांना वर्कहाउसमध्ये नेतात, आणि तिथल्या नियमाप्रमाणे बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगवेगळ्या भागांत ठेवतात. आठवड्याच्या आत दोघंही मरतात. मित्रहो, ही पानं आम्ही विशीत वाचली असणारच, पण आठवत नव्हती. एक शब्दही नाही. गवत आठवत होतं, सायडर आठवत होती. जोसेफ-हॅना नव्हते.

मग प्रश्न पडला, हा दोष लीचा की आमचा? खून त्यात आहे. वसाहतीतून पैसा कमावून आलेला एक माणूस गुत्त्यात बढाया मारतो, गावची पोरं त्याला बेदम मारून बर्फात मरायला टाकून देतात, आणि सगळं गाव तोंड मिटून बसतं. एका मुलीवर जंगलात दबा धरून बसण्याचा पोरांचा बेतही त्यात आहे. तो फसला, तरी बेत होता. म्हणजे ली काही लपवत नाही. पण सगळं एकाच सोनेरी उजेडात ठेवतो. खून, गवत, म्हाताऱ्यांचा विरह, उन्हाळा. त्या उजेडात गावाचं मौन ही एकी वाटू लागते. ते भयही असू शकतं, हे विचारायला वाक्याचा वेग सवड देत नाही. सुंदर गद्य गुंगी आणतं ती अशी.

शेवटी तो म्हणतो की हजार वर्षांचं जगणं आपल्या डोळ्यांसमोर संपलं. मोटार आली, घोडा गेला. इथे मात्र आमची हरकत आहे. स्लॅडचं खोरं हजार वर्षं निवांत झोपलेलं नव्हतं. ते स्ट्राउडच्या कापडधंद्याचा भाग. ओढ्याकाठी गिरण्या होत्या. ब्रिटिश शिपायांच्या लाल डगल्यांचं कापड या खोऱ्यांत विणलं जाई आणि रंगवलं जाई, आणि ईस्ट इंडिया कंपनी ही इथल्या कापडाची मोठी गिऱ्हाईक होती. १८२५ साली इथल्या विणकरांनी संप केला होता. धंदा बसल्यावर जी शांतता उरली ती लीला अनादी वाटली. पुस्तकात याचे उल्लेख ओझरते येतात, पण शेवटाच्या सुरात ते बुडून जातात. ओस पडलेल्या गिरणीची शांतता आणि अनादी शांतता कानाला सारखीच लागते. पण इतिहास विचारणाऱ्याला त्या सारख्या नाहीत.

तिसरा प्रश्न इथे विचारू: ही आठवण आजच्या माणसाकडे काय मागते? सखेद म्हणावं लागतं, एक घर मागते. त्या खोऱ्यातली, आणि इंग्लंडभरची, मजुरांची घरं आज पैसेवाल्यांनी घेतली आहेत, कुणी राहायला, कुणी सुटीपुरती. मजुराच्या नातवाला ती परवडत नाहीत. स्मरणरंजनाला बाजारभाव असतो. लीच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे की पुस्तकाच्या पैशातून तो स्वतः स्लॅडला परतला, तिथल्या नव्या बांधकामांविरुद्ध म्हातारपणी उभा राहिला, आणि १९९७मध्ये तिथल्याच मातीत गेला. त्याची ओढ नकली नव्हती.

तिसरं पुस्तक रोनाल्ड ब्लाइथ यांचं ‘अकेनफील्ड’, १९६९चं. नाव कल्पित, गाव सफोकमधलं. लोहार, घोड्यांचा कारभारी, नर्स, कबरी खणणारा, शाळामास्तर, प्रत्येकाला बोलू दिलं आहे. ब्लाइथ स्वतः सफोकच्याच शेतमजुराचे पुत्र, वडील गॅलिपोलीत लढलेले. शंभरी पूर्ण करून २०२३च्या जानेवारीत ते गेले.

या पुस्तकात एक वृद्ध शेतमजूर बोलतो, आणि त्याचं बोलणं सगळ्या रंजनाला पुरून उरतं. १९१४ साली युद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्यासारख्या पोरांना आनंद झाला. सैन्यातल्या काही महिन्यांच्या कवायतीत त्याचं वजन जवळजवळ एक स्टोन, म्हणजे सहाएक किलो वाढलं. लोक म्हणाले, खाण्यामुळे. तो म्हणतो, खाण्यामुळे नव्हे. आयुष्यात पहिल्यांदाच ढोरमेहनत थांबली म्हणून. जिथे सैन्याची कवायत म्हणजे विश्रांती वाटते, त्या शेतावर काय होत असेल? आणि घर नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की छप्पर गेलं. या घरांना खरं कायदेशीर संरक्षण मिळालं ते १९७६मध्ये. बाल्डविनच्या भाषणातली नांगराची जोडी आठवा, आणि त्या नांगरामागचा हा माणूस बघा.

तरी ब्लाइथवरही आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्यांनी बोलणी कापली, जुळवली, त्यांना लय दिली. समाजशास्त्रज्ञाची शिस्त त्यात नाही. मान्य. आम्ही फक्त एवढं म्हणू की कापताना त्यांनी माणसाचा राग कापला नाही. आठवणीच्या पुस्तकात राग शिल्लक राहणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपल्याला याचं काय?

१८३०च्या आपल्या टिपणात चार्ल्स मेटकाफ यांनी हिंदुस्थानी खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं. राज्यं येतात-जातात, खेडं टिकतं, असा त्याचा भाव. पुढे हेन्री मेन, जे १८६२ ते १८६९ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते, त्यांनी १८७१मध्ये पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसमुदायांवर पुस्तक लिहिलं. युरोपातलं जे खेडं इतिहासजमा झालं त्याचं जिवंत रूप त्यांना हिंदुस्थानात दिसत होतं. म्हणजे विल्यम्सचा तो सरकता जिना समुद्र ओलांडून इथे आला. इंग्रजाने आपलं हरवलेलं गाव आपल्या गावात पाहिलं, आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनी ते चित्र आपलं म्हणून भिंतीवर लावलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याच मेटकाफचा उल्लेख करून सांगितलं की बुद्धिवंतांचं खेड्यावरचं प्रेम बव्हंशी त्याच्या स्तुतीतून आलं आहे. खेडं ज्याने वेशीबाहेरून पाहिलं होतं तो माणूस ते बोलत होता. त्यांचा प्रश्न आणि आपला पहिला प्रश्न एकच आहे: या आठवणीत काम कोण करतं, आणि त्याला कुठे उभं केलं जातं?

म्हणून आम्ही म्हणतो, इंग्रजी खेडं नीट वाचणं हे आपलं खेडं नीट वाचण्याचाच भाग आहे. आपणही ‘आमच्या गावी’ म्हणून बोलू लागलो की ओसरी येते, विहीर येते, आंब्याची अढी येते. विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं जात नव्हतं, ते येत नाही. ते विसरणं हा स्मृतीचा दोष नाही. स्मृतीला कुणी प्रश्न विचारला नाही, हा आपला दोष आहे.

तर मग आठवायचंच नाही का? असं आम्ही मुळीच म्हणत नाही. फ्लोरा थॉम्प्सनकडे पुन्हा बघा. तिला सुगी आठवते, क्वीनीची लेस आठवते, मुलांचे खेळ आठवतात, आणि त्यांवर तिचा जीव आहे. तिचा आनंद खोटा नाही. पण त्याच हाताने ती दहा शिलिंग लिहिते, टिनाची पेटी लिहिते, पाटीवरची अकरा नावं लिहिते. गेलेल्यावर माया आणि गेलेल्याचा हिशेब, दोन्ही एका घरात नांदू शकतात हे तिने दाखवलं. म्हणून या तिघांत आम्ही तिला वरचं स्थान देतो. लीचं गद्य तिच्याहून देखणं आहे आणि ब्लाइथचा मजूर तिच्याहून तिखट बोलतो, हे मान्य करूनही.

आणि लीवर आम्ही जे बोललो त्यातलं निम्मं आमच्यावर आहे. जोसेफ आणि हॅना पुस्तकात होते. विशीतल्या वाचकाला ते दिसले नाहीत, कारण त्याला गाव नको होतं, ओढ हवी होती. आता दिसले, कारण वेगळ्या खोलीत ठेवलं जाण्याचा अर्थ आता आम्हांला कळतो. कांट म्हणाला ते याबाबतीत उलटं झालं. म्हातारपणी पुस्तकात परतलो तेव्हा तारुण्य सापडलं नाही हे खरं, पण तेव्हा जी माणसं नजरेतून सुटली होती ती सापडली. परतण्याचा एवढा लाभ आम्हांला पुरेसा वाटतो.